पठारावरचे दात

पठारावरच्या माणसाला खाली गावात ओळखायला काही लागत नाही. त्याने तोंड उघडलं की झालं. दातांवर तपकिरी पट्टे, कुणाचे अर्धे, कुणाचे मुळापासून टोकापर्यंत, आणि म्हाताऱ्यांचे तर खळगे पडलेले, खडबडीत. विहिरीच्या पाण्यातच काहीतरी आहे, ते जमिनीतून येतं, असं पाणी तपासायला आलेला एक माणूस सांगून गेला होता. लवकरच दुसरी सोय करू, असंही म्हणाला होता. तो जो गेला तो गेलाच! खालच्या लोकांना मात्र त्या पाण्याबिण्याशी काही देणंघेणं नाही. ते सरळ म्हणतात, गंजके. दुकानात गंजक्याला गल्ल्यापाशी उभं करत नाहीत, खानावळीत वाढायला ठेवत नाहीत, ठेवलंच तर मागे भांडी घासायला. सोयरिकीचं तर नावच काढू नका. आणि वर म्हणे लागण होते. दातांची लागण! तुमच्या अकलेला काय झालंय, असं विचारावं, तर विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

म्हणून पठारावरची माणसं हसताना तोंडावर हात धरतात. पोरांना हे कुणी शिकवत नाही, ती बघून बघून आपोआप करायला लागतात.

तिथल्या फरशीच्या खाणीत एक जण होता. दगडाचे थर छिन्नीने फाडून पातळ फरश्या काढायच्या, हे त्याचं काम. त्याच्यावरून त्याला सगळे फाड्याच म्हणत. चाळिशीही गाठली नव्हती, पण मान पुरती वळत नव्हती. मागून हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा. तेही पाण्यामुळेच. पठारावर दात आधी जातात आणि मग हाडं. बायको तापाने गेली तेव्हा त्याची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. घरात उरले तो, त्याची म्हातारी आई आणि ही पोरगी. पोरगीचं नाव काहीही असो, तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं जे तोंड सुरू व्हायचं ते झोपेतही बंद नसायचं. कोंबडीशी बोलायची, भिंतीशी बोलायची, ऐकायला कुणी नसलं तर स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं द्यायची.

फाड्याची धाकटी बहीण खाली गावात होती. ती तरुणपणी पळून गेली, एका भल्या शिंप्याशी लग्न केलं, आणि त्याने तिच्या पुढच्या दातांवर पांढऱ्या टोप्या बसवून घेतल्या. ती पठारावरची आहे हे नवरा सोडून तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूला नाही, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना नाही. तिला मूलबाळ झालं नाही. वहिनी गेली तेव्हा ती गुपचूप दोन घटका येऊन गेली होती आणि जाताना भावाला बाजूला घेऊन म्हणाली होती, "दादा, पोरीला विहिरीचं पाणी पाजू नकोस. तिचे दुधाचे दात पडून नवे आले आणि ते पांढरे आले, तर मी तिला घेऊन जाईन. ह्यांच्या नात्यातली अनाथ पोर म्हणून वाढवीन, शाळेत घालीन. पण तसले दात घेऊन आली, तर सासूबाई एका दिवसात ओळखतील, आणि मग तिच्याबरोबर मीही रस्त्यावर येईन."

बस्स. त्या दिवसापासून फाड्याचा जीव त्या न आलेल्या दातांत अडकला.

खाणीच्या वरच्या अंगाला एका भेगेतून पाणी झिरपायचं. तपासणाऱ्या माणसाने तेवढंच पाणी बरं आहे म्हणून सांगितलं होतं. झिरपायचं म्हणजे काय, थेंब थेंब. फाड्या कामावर आला की भेगेखाली प्लास्टिकचा कॅन लावायचा, मध्येच छिन्नी टाकून तो सरळ आहे ना बघून यायचा, आणि सुट्टी झाली की खांद्यावर घालून घरी न्यायचा. पोरीचं पिणं त्यातलं, पोरीचं जेवण त्यातलं. त्याने आणि म्हातारीने विहिरीचंच प्यायचं. उन्हाळ्यात भेग आटत आली की हा पठ्ठ्या जेवणाच्या सुट्टीत दगडाला फडकं लावून ओल गोळा करायचा. खाणीतले लोक हसायचे. "काय फाड्या, राजकन्येचं पाणी भरलं का? बघ हं, सांडू नकोस, नाहीतर राजवाडा जाईल!" तो आपला हातोडा मारत राहायचा. हसू देत. आपली पोरगी गंजकी म्हणून जगणार नाही, ह्यापुढे त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

पण पठारावर एक गोष्ट लोक फार मनाला लावून घेतात. बसचा ड्रायव्हर खालून स्वतःची बाटली आणतो. मास्तर यायचा तोही डबा आणि पाणी घेऊन यायचा, शाळा बंद पडेपर्यंत त्याने इथल्या पाण्याचा थेंब तोंडाला लावला नाही. त्यामुळे इथे माणूस आपला की परका हे एकाच गोष्टीवर ठरतं. तो आपल्या घरचं पाणी पितो का? जो नको म्हणाला तो गेला, तो खालचा. मग तो पोटचा असला तरी. अशा ठिकाणी एका पोरीने घरोघर "नको, मी नाही पीत" म्हणत फिरायचं! फाड्याला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

खालचे दोन दात पडले आणि त्यांच्या जागी नवे आले. मग वरचे डोकावले. फाड्याने पोरीला दारात उजेडाला उभं केलं. पांढरे! चांगले पांढरेशुभ्र! त्याला आकाश ठेंगणं झालं. पोरीला उचलून त्याने अंगणात गरगर फिरवलं, वळत नाही त्या मानेनिशी. दुसऱ्याच दिवशी बसच्या कंडक्टरजवळ शिंप्याच्या दुकानासाठी, लोकरीचा म्हणून, निरोप दिला, "माल चांगला निघालाय, येऊन घेऊन जा." शेजारच्या म्हाताऱ्यांनी पोरीचं तोंड बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि आपापल्या कामाला गेल्या. फाड्याच्या आईने तर तोंडच फिरवलं. त्याला वाटलं, नात जाणार म्हणून म्हातारीला वाईट वाटतंय.

आता खरं सांगायचं तर त्याला कळायला पाहिजे होतं. पांढरा आणि पांढरा ह्यात फरक असतो. दुधाचा पांढरा वेगळा आणि खडूचा पांढरा वेगळा. पठारावरचे वाईट दातही आधी खडूसारखेच येतात, चमक नसलेले, आणि मग वर्ष-दोन वर्षांत गंज धरतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्याच्या मुलाचा दात असता तर फाड्याने लांबूनच सांगितलं असतं. पण इतकी वर्षं कॅन वाहिलेला माणूस स्वतःच्या पोरीच्या तोंडात खडू कसा बघणार?

बहीण बसने आली. अंगावर साधे कपडे, हातात कापडाचं गाठोडं. सासूला सांगितलं होतं की पठारावरच्या धनगरांकडे लोकर बघायला जाते. बस दिवसातून एकदाच यायची. ड्रायव्हर झाडाखाली जेवून डुलकी काढायचा आणि मग तीच बस परत. तेवढाच वेळ हातात होता.

"आत्या, तू बसमध्ये खिडकीत बसलीस की मध्ये? मला खिडकीत बसायचंय. तुमच्याकडे मांजर आहे का? नसलं तरी चालेल. माझी पिशवी भरून ठेवलीय, बाबांनीच भरली. आत्या, तू अशी का बघतेस?"

आत्या गुडघ्यांवर बसली. तिने पोरीची हनुवटी धरली. "आ कर बघू."

तिने रुमालाचं टोक घेऊन पोरीचा वरचा दात पुसला. पुसून कोरडा केला आणि थोडा वेळ थांबली. फाड्या बघत होता. खाणीत तो स्वतः फरशी अशीच बघायचा. ओल्या फरशीत चीर दिसत नाही, सगळा माल चांगलाच वाटतो. फडक्याने कोरडी करावी लागते. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या फरश्या कोरड्या करून बाजूला टाकल्या होत्या.

कोरड्या दातावर चमक नव्हती. आडव्या रेघा होत्या, खडूने ओढल्यासारख्या, आणि हिरडीजवळ पिवळसर कड धरली होती.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "हे तर आपलेच."

"शक्य नाही." त्याचा आवाज चढला. "काहीतरी लागलं असेल. परत पूस. अगं, मी थेंब थेंब आणलंय! एक दिवस चुकवला नाही मी! ताप असताना गेलो, पाय मुरगळला तेव्हा काठी घेऊन गेलो! हिने विहिरीचा घोट घेतलेला नाही!"

"घेतलाय की," टकळी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पोरगीला वाटलं आपल्याला विचारलंय, म्हणून ती नेहमीसारखी सुटली. "सगळ्यांकडे घेतलाय. लोहाराच्या काकूकडे रोज. ती म्हणाली, आमचं पाणी नको का महाराणीला, मग आमच्या पोरांत खेळायला पण येऊ नको. मग मी प्यायले. मग सगळे खेळायला घ्यायला लागले. आणि आजी म्हणाली पी, लोकांच्या दारात पाण्याला नाही म्हणू नये, फक्त बाबांना सांगू नको. म्हणून नाही सांगितलं. आजी पण देते. तुझं कॅनचं पाणी कधी कधी आजी कोंबड्यांना घालते, बाबा."

फाड्या अख्खा वळला. म्हातारी चुलीजवळ बसली होती. तिने नजर चुकवली नाही.

"आई?"

"हो, दिलं मी," म्हातारी म्हणाली. "मारतोस? मार."

"अगं पण का? काय वाईट केलं होतं त्या पोरीने तुझं?"

"पोरीने नाही. हिने." म्हातारीने आपल्या लेकीकडे बोट केलं. "सांग की भावाला. सांगितलंस का कधी? मी खाली आले होते तुझ्या दुकानात. दोन वर्षं तुझं तोंड बघितलं नव्हतं, म्हणून ठेचकाळत पायी उतरून आले. तू कापड मोजत होतीस. गिऱ्हाइकं बसली होती. मी दारात उभी राहिले. काय म्हणालीस मला?"

बहिणीने तोंडावर हात धरला. दात आता पांढरे होते तरी हात गेलाच.

"मीच सांगते मग. म्हणाली, 'बाई, इथे काही मिळायचं नाही, पुढच्या दुकानात बघा.' बाई म्हणाली मला! पोटची पोर! मी गेले हो पुढच्या दुकानात. तिथे जाऊन उभी राहिले, कारण पाय चालेनात." म्हातारीचा आवाज फाटला. "पांढऱ्या दातांची एक लेक मी घालवली. आता ही पण खाली जाऊन उद्या बापाला 'अहो' म्हणणार, 'पुढच्या दुकानात बघा' म्हणणार. नको मला ते. गंजकी तर गंजकी, माझी म्हणून तरी राहील. मी पाजलं. रोज पाजलं. माझ्या हाताने."

फाड्याचा हात उठला आणि तसाच राहिला. कुणाला मारणार? आईला, बहिणीला, की शेजारच्या लोहाराच्या बाईला? तो भिंतीला टेकून खाली बसला. इतक्या वर्षांचा थकवा एकदम अंगात आला. चूक तरी कुणाची धरायची तेच त्याला कळेना, आणि कळलं असतं तरी दात काही बदलणार नव्हते.

बाहेर ड्रायव्हरने इंजिन एकदा चालू करून बंद केलं. म्हणजे तो उठला होता.

बहीण रडत होती. रडता रडताच म्हणाली, "टोप्या मोठं झाल्याशिवाय बसत नाहीत. डॉक्टरला मी विचारलंय. अठरा तरी व्हायला लागतात." मग डोळे पुसून, कुणाकडे न बघता ती म्हणाली, "एक करता येईल."

"काय?"

"मुकी म्हणून नेते."

फाड्याला आधी कळलंच नाही.

"तिने तोंड उघडायचं नाही. कुणासमोर नाही, घरातही नाही. जन्मतः मुकी आहे म्हणून सांगीन. गावात मुक्या मुलांची शाळा आहे, हातांनी बोलायला शिकवतात, तिथे घालीन. जेवायला आपल्या खोलीत देत जाईन. सासूबाईंना आता कमी दिसतं. आणि मोठी झाली की टोप्या बसवू, मग... मग बघू. डॉक्टरने उपचार केला म्हणू. तेव्हाचं तेव्हा."

"मुकी?" फाड्या ओरडला. "ह्या पोरीला मुकी? अगं, हिला ओळखतेस का तू? ही गप्प बसली तर मरेल!"

"इथे काय जगणार आहे, दादा? शाळा बंद झाली. अजून चार वर्षांनी डोक्यावर दगड वाहील. तुझ्यासारखी मान होईल तिची. कोण नेणार तिला? खाली उतरली तर माझ्यासारखी पळून जाईल, आणि प्रत्येकीला शिंपी मिळत नाही. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या होत्या. त्यांचं काय झालं ते तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. सगळ्या पठाराला माहीत होतं.

म्हातारी चुलीपासून उठून पुढे आली. "पाठवू नकोस रे," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात मघाचा ताठा नव्हता. "शिवी खाईल, दगड वाहील, पण बोलेल तरी. माझं चुकलं. तू म्हणशील ती शिक्षा दे मला. पण पोरीची जीभ नको कापू."

फाड्याने पोरीकडे बघितलं. ती एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. पण एवढं कळलं की आपल्या बोलण्याने घरात हे सगळं झालं.

"मी राहीन गप्प," ती म्हणाली. "मला येतं. लपाछपीत मी कित्ती वेळ गप्प राहते, लोहाराच्या काकूच्या पोराला विचार. बाबा, तू रडू नको. मी मग आता कॅनचंच पिईन." मग आत्याकडे वळून तिने विचारलं, "बसमध्ये चढल्यावर गप्प बसायचं की आत्तापासून?"

आत्याने तिचे केस कानामागे सारले. शेवटी ती म्हणाली, "आत्तापासून सवय केलेली बरी, बाळा."

टकळीने मान हलवली, आणि ती गप्प झाली.

हॉर्न वाजला. विचार करायला वेळ मिळाला असता तर फाड्याने काय केलं असतं कोण जाणे. पण वेळ नव्हता, आणि पुढच्या वेळी बहीण येईल ह्याचा भरवसा नव्हता. त्याने पिशवी उचलली. म्हातारीने नातीला कवटाळलं, तिच्या केसांवरून, पाठीवरून हात फिरवत राहिली, "बोल गं माझ्याशी, एकदा बोल, इथे कोण आहे परकं?" म्हणत राहिली. पोरीने आजीच्या गालावर गाल घासला. बोलली नाही.

रस्त्यात लोहाराची बायको भेटली. "कुठे निघाली स्वारी? आज टकळी बंद कशी?" तिने हसत विचारलं. फाड्या तिच्याकडे न बघता पुढे गेला. ह्या बाईने कुणाचं काय वाईट केलं होतं? पाणीच तर दिलं होतं. पण त्या क्षणी तिचा हसरा चेहरा त्याला बघवला नाही.

पोरीला खिडकी मिळाली. बहीण तिच्या पलीकडे, मान खाली घालून, लोकर घ्यायला आलेली परकी बाई बसते तशी बसली. बसमध्ये अजून कुणी नव्हतं. ड्रायव्हर खाली उभा राहून आपल्या बाटलीतलं पाणी पीत होता. फाड्या खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला.

"टकळे," तो हळूच म्हणाला, "अजून बस सुटली नाही. कुणी ऐकत नाही. एकदा बाबा म्हण."

पोरीने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते त्याला दिसत होतं. मग तिने दोन्ही ओठ आत घेतले, घट्ट मिटले, आणि नाही म्हणून मान हलवली. शहाणी पोर, दिलेला शब्द पाळत होती.

बस वळली आणि उताराला लागली. फाड्या धुरळा बसेपर्यंत तिथेच उभा राहिला. खाणीवरून एक-दोघांनी हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

घरी आला तेव्हा म्हातारी दारातच होती. त्याच्यावर रागवायचा हक्क आपल्याला उरला नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने दुसरं काही विचारलं नाही.

"जाताना काही बोलली का रे?"

फाड्याने चपला काढल्या.

"खूप," तो म्हणाला. "बस सुटेपर्यंत बोलतच होती."